लाल पट्ट्याच्या खाली

“नळीत बुडबुडा राहिला की पाणी खोटं बोलतं,” धम्मप्रिया म्हणाली आणि नळीवर टिचक्या मारत राहिली. “आमचे बाबा म्हणतात, बुडबुड्यावर बांधलेली भिंत पावसाळ्यात बसतेच.”

धम्मप्रियाचे बाबा गवंडी. वीस मीटर लांबीची ती पारदर्शक नळी त्यांचीच, आणि अर्थातच न विचारता आणलेली. मे महिन्याची सुट्टी होती. भर बाराच्या उन्हात तगरनाळ गावातली ती तिघं मांजरेच्या काठावर एका काळ्या खडकाशी उभी होती. तिघं म्हणजे धम्मप्रिया, तिच्या वर्गातली सुकन्या आणि सुकन्याचा लातूरचा आतेभाऊ रुद्रेश.

खडकावर गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल पट्टा मारलेला होता. नदीवर छोटा बंधारा बांधून वीज करायची एका कंपनीची योजना होती, आणि बंधारा भरला की पाणी या पट्ट्यापर्यंत चढणार होतं. आज चार वाजता शाळेच्या पटांगणात मंजुरीची सुनावणी. सगळं गाव खुशीत होतं. सुकन्याला मात्र पट्टा दिसल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं.

ओढ्यापलीकडे, वळणाआड सुकन्याच्या समाजाची रुद्रभूमी, म्हणजे दफनभूमी होती. लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि मातीआड करतात. सुकन्याची आई दोन वर्षांपासून तिथं बसलेली होती.

“ती जागा उंचावर आहे म्हणाले ना सगळे?” रुद्रेश कुरकुरला. “मी सुट्टी घालवायला आलोय, उन्हात वाळवण व्हायला नाही.”

“उंच दिसती. हाय का, ते नळी सांगंल. धर हे टोक पट्ट्याला,” धम्मप्रिया म्हणाली.

नळीची दोन टोकं कितीही लांब न्या, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. रुद्रेशने एक टोक पट्ट्याशी धरलं. दुसरं टोक बाभळीशी नेऊन धम्मप्रिया ते वरखाली करत राहिली. रुद्रेशच्या टोकातलं पाणी नेमकं पट्ट्याला टेकलं तसा तो “आलं” म्हणून ओरडला, आणि सुकन्याने बाभळीवर कोळशाने खूण केली. मग तिथून पुढच्या झाडाला.

पहिली खूण गुडघ्याला होती, दुसरी मांडीला, तिसरी कमरेला. म्हणजे जमीन उतरत होती. चालताना मात्र वाटत होतं, आपण चढावर चाललोय.

ओढ्यावर नळी झोक्यासारखी लोंबली. पलीकडे खूण सुकन्याच्या छातीशी आली.

“तू बुटकी आहेस म्हणून,” रुद्रेश म्हणाला.

“मग तू उभा ऱ्हा.”

तो उभा राहिला. खूण त्याच्या पोटाच्या वरच लागली. त्यानंतर तो कुरकुरला नाही.

रुद्रभूमीत शिरल्यावर तिघंही पाय न वाजवता चालू लागली. भर दुपारी इथं पाऊल टाकायचं नाही, असं घरातलं प्रत्येक मोठं माणूस सांगत आलेलं. पान हलत नव्हतं. कुठूनशी टिटवी किंचाळली आणि धम्मप्रियाचा अंगठा नळीच्या तोंडावर घट्ट रुतला.

आईच्या समाधीशेजारी लिंबाचं झाड होतं. सुकन्या त्याला पाठ लावून उभी राहिली. नळी वर सरकू लागली. हनुवटी गेली, नाक गेलं, कपाळ गेलं. “आलं,” रुद्रेशचा आवाज लांबून आला, तेव्हा पाणी तिच्या डोक्याच्या वर वीतभर होतं.

तिने मान वर केली. कोरडं आभाळ, कोरडी पानं. तरी तिने श्वास रोखून धरला.

“आईला पोहता येत न्हाई,” ती म्हणाली. धम्मप्रियाने फक्त तिचा हात धरला.

तेवढ्यात मागे काठी वाजली. एका समाधीआडून पांढरंफेक काहीतरी सावकाश उभं राहू लागलं. धम्मप्रियाच्या हातून नळी सुटली, पाणी सगळं मातीत.

“कोण हाय तिकडं? काय चाललंय रे, पोरांनो?”

ते सुकन्याचे आजोबा होते, महादेवप्पा. जेवण झालं की ते आजीच्या समाधीशी घटकाभर बसत. हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“अज्जा, बंधारा भरला की पाणी इथवर येणार,” सुकन्याने डोक्यावर हात धरून दाखवलं.

अज्जांनी खूण पाहिली, खडकाच्या दिशेला पाहिलं आणि मटकन खाली बसले. “सरपंच म्हणून पंचायतीच्या ना हरकत दाखल्यावर सही मीच केली,” ते म्हणाले. “कंपनीचा अहवाल महिनाभर पंचायतीच्या कपाटात पडून होता. कुणी उघडला न्हाई. मीबी न्हाई.” मग काठी टेकून उठले. “नळी भरा परत. एक टोक मी धरतो.”

दुसऱ्यांदाही पाणी तिथंच थांबलं. अज्जांनी त्या उंचीवर लिंबाला सुतळी बांधली.

चार वाजता सुनावणीला आलेल्या अधिकारी उज्वला मॅडम खुर्चीत बसल्या. कंपनीचा मोजणीदार सोमेश नकाशा दाखवत होता. रुद्रभूमीच्या जागी नकाशावर लिहिलं होतं : पडीक, दगडाळ.

धम्मप्रिया भोळा चेहरा करून उठली. “साहेब, खडकावरचा लाल पट्टा बरोबर हाय ना?”

“बोटभराचीही चूक निघायची नाही. मी स्वतः मारलाय.”

“मग आमची माणसं बुडतात,” सुकन्या उभी राहिली. “त्या दगडांखाली समाध्या हायेत. माझ्या आईची बी.”

सोमेश हसला. “बाळ, गावाची दहनाची शेड मी पाहिलीय. ती कोरडीच राहते.”

“आमच्यात जाळत न्हाईत.”

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

“तुम्ही ओढा ओलांडला होता का?” उज्वला मॅडमनी विचारलं.

“उपग्रहाच्या चित्रात सगळं दिसतं, मॅडम.”

“चला,” मॅडम उठल्या.

खडकापासून एकेक खूण करत सगळं गाव चाललं. नळी या वेळी सोमेशच्या हातात होती. रुद्रभूमीच्या कडेला सगळे थांबले. सुकन्या पुढे जाऊन लिंबाखाली उभी राहिली. सुतळी तिच्या डोक्यावर होती. सोमेशने कडेच्या खुणेशी एक टोक धरलं; धम्मप्रियाने आत नेलेल्या टोकातलं पाणी बरोबर सुतळीला टेकलं.

मॅडमनी फाइल मिटली. “मंजुरी थांबवली आहे. बंधाऱ्याची उंची कमी करून नवा आराखडा आणायचा. मोजणीला या तिघांना बोलवायचं.”

“ज्याच्यावर डोळे झाकून सही केली, ते पोरांनी डोळे उघडून मोजलं,” अज्जा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि धम्मप्रियाला म्हणाले, “तुझ्या बाबाला मी सांगतो. नळीबद्दल रागवायचं न्हाई.”

“तुझी आई कुठे आहे?” मॅडमनी सुकन्याला हळूच विचारलं.

सुकन्याने बोट दाखवलं. मॅडमनी कडेलाच चपला काढल्या आणि तापल्या मातीवरून अनवाणी आत गेल्या. मग एकेक करत गाव आत गेलं. शेवटी बाहेर सोमेश उरला. त्याचे बूट नाडीचे होते. तो खाली वाकला आणि गाठ सोडू लागला.