उघाडीवरचा उजेड

हैबतरावांच्या दुकानात बॅटरी निवडायची तर खोक्यात डोकं घालावं लागे. भर दुपारी पेणच्या बाजारात काळोख आणायचा कुठून? म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी उघडं खोकं आतून काळं करून ठेवलं होतं. मृणालीनं त्यात डोकं घातलं, आणि पलीकडून आणखी एक डोकं आत आलं... दोन काळेभोर डोळे, वीतभर अंतरावर.

"तुमची कुठली?" त्या डोळ्यांनी विचारलं.

"झूमवाली. तुमची?"

"ही बोटाएवढी. दोनदा मिचकते का बघतोय."

मृणालीचा हात थांबला. दोनदा...

जिते स्टेशनातून तिच्या वाडीला जायला खाडीचा बांध होता. अंधारात समोर उजेड दिसला की बॅटरी दोनदा मिचकवायची; माणूस असेल तर तोही दोनदा मिचकवतो, नसेल तर मागे न बघता चालायचं, ही तिथली रीत. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला उघाडीची दारं होती. ती राखणारा म्हातारा गुणाजी दिवाळीनंतर वारला, आणि आठ दिवसांपासून तिथे पुन्हा उजेड दिसू लागला. पाच संध्याकाळी मृणाली मान खाली घालून पळाली. सोमवारी धीर करून तिनं मिचकवली, तर तो उजेड वेड्यासारखा फडफडत सुटला. आईनं निकाल दिला, "गुणाजीच हाय तो. नोकरी सोड, गो." पेणच्या दवाखान्यातल्या त्या नोकरीवर मृणालीचा जीव होता. आज नवी बॅटरी घेऊन शेवटचं बघायचं, नाहीतर उद्या राजीनामा.

"माझी जुनी तीन मोडची," तो सांगत होता. "बांधावरून कोणतरी दोनदा मिचकवतं, मी उत्तर द्यायला बटण दाबतो न् ही मेली फडफडत बसते. समोरचं माणूस धूम पळतं. मी वरसे गावचा, रोह्याकडला. जित्याजवळच्या गावानं उघाडी राखायला ठेवलाय."

मृणाली डोळ्यांत पाणी येईतो हसली. "ते पळणारं माणूस मीच."

"खोक्यातून भायेर या दोघं," हैबतराव म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

दोघांनी सारखीच घेतली — साधी, नुसती लागणारी नि विझणारी, दीडशेची.

संध्याकाळी तो स्टेशनावर हजर. नाव सुजय. "तुम्ही भ्याल म्हणून आलो."

"कोण भितंय ते कळंलच," ती म्हणाली. बांधावर चढता चढता तिनं लटका राग धरला. "आठ दिवस छळलंत मला."

"आठ? मी सोमवारी आलो. आज गुरवार..."

दोघंही थांबली. समोर उघाडीवर उजेड होता. पिवळट, गुडघ्याएवढ्या उंचीवर. खालच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंबसुद्धा नव्हतं.

"कुलूप हाय तिथं," सुजय पुटपुटला. "किल्ली माझ्या खिशात."

मृणाली एक पाऊल मागे सरली. मग तिला आठवलं — शाळेत होती तेव्हापासून गुणाजीनं तिला एकदाही उत्तर चुकवलं नव्हतं. त्या पाच संध्याकाळी मात्र तिनंच मिचकवली नव्हती. तिला फार वाईट वाटलं. तिनं बटण दाबलं. दोनदा.

समोरचा उजेड विझला, लागला. पुन्हा विझला, पुन्हा लागला... आणि सावकाश मालवत गेला.

"आता नोकरी सोडाल?" सुजयनं विचारलं.

"नाय. त्यानं उत्तर दिलं की." ती जरा घुटमळली. "पण तुम्ही उद्या येशाल ना स्टेशनावर?"

"रोज येईन. आवडलात मला... खोक्यातच."

त्याचा हात भीतीनं बर्फासारखा गार पडला होता. तिनं तो घट्ट धरला, आणि दोघं उघाडीवरून पलीकडे गेली, मागे न बघता.