ट्रॅक्टरशेजारी उभा राहिलेला मुलगा

धम्मानंदने ट्रॅक्टर नेमका फोटो स्टुडिओच्या दारात उभा केला, आणि ज्योती हातातलं फडकं घेऊन तशीच बाहेर आली.

"ओ भाऊ, गिऱ्हाइकानं आत कुठून यावं? तुमच्या चाकाखालून?"

"मीच गिऱ्हाईक हाय ना," तो खाली उतरत म्हणाला. "फोटो काढायचा. माझा अन् ह्याचा." त्याने मायेने ट्रॅक्टरवर हात ठेवला.

वारंगा फाट्यावरचं हे दुकान वडिलांमागे ती एकटी चालवत होती. हाताहातांत मोबाइल आले, तरी स्थळाचा फोटो लोक अजून स्टुडिओतच काढत. पूर्वी फक्त मुलीचा फोटो जाई. आता मुलाचाही मागतात. डोंगरकड्याच्या धम्मानंदचा फोटो शिरड शहापूरच्या एका घराने मागवला होता, आणि त्याच्या आत्याचा, कमलबाईंचा, हुकूम होता – ट्रॅक्टर दिसलाच पाहिजे.

ज्योतीने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दोघांनी वाकून पाहिलं. लालभडक बॉनेट, हे एवढं चाक... आणि कडेला एक शर्ट.

"पोरगी हो म्हणंल," ज्योती म्हणाली, "पण ट्रॅक्टरला."

तो खळखळून हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडते हे ज्योतीच्या लक्षात आलं. जरा जास्तच लक्षात आलं.

"मंग काय करावं?"

"एका फोटोत दोघं असले की पाहणाऱ्याच्या नजरेसाठी भांडतात. जे मोठं, जे लाल, ते जिंकतं. तुमी तं भांडतच न्हाई."

"मला येतच न्हाई भांडता."

"दिसून राहिलं!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. ज्योतीने ट्रॅक्टर लांब, धूसर ठेवला, धम्मानंद पुढे. "डोळे मिटले तुमचे," ती म्हणाली. "उद्या या." तिसऱ्या दिवशी ऊन तिरपं होतं. चौथ्या दिवशी त्याने केळीची फणी टेबलावर ठेवली – "लई तकलीफ देऊन राहिलो तुमाला..." एव्हाना तिच्या तोंडातून 'भाऊ' कधीच गळून पडलं होतं.

खरं तर दुसऱ्याच दिवशीचा फोटो सुरेख आला होता. तो तिने कुणालाच दाखवला नव्हता. फोटो गेला की स्थळ जुळणार, आणि मग हा माणूस या दारात परत कशाला येईल?

"आत्या म्हणते, आज पाठवायचाच," पाचव्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला.

ज्योतीला स्वतःचीच लाज वाटली. वडिलांनी कधी कुणाचं लग्नाचं काम अडवलं नव्हतं.

"आज ट्रॅक्टर नको. एकटेच बसा. इकडं पाहा."

"तिकडंच तं पाहून राहिलो..."

तिचं बोट क्षणभर थांबलं. मग तिने फोटो काढला, छापला, पाकिटात घातला आणि त्याच्या हाती दिला.

दोन दिवसांनी मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून कमलबाई उतरल्या, हातात तेच पाकीट. धम्मानंद दारातच घुटमळला.

"पोरी, ह्या फोटोत ह्यो एकटाच हाय ना?"

"व्हय, मावशी."

"मंग माझी नजर ह्याच्या तोंडावर ठरत काहून न्हाई? सात येळा पाहिलं. दर येळी वाटतं, ह्याच्या समोर जे उभं हाय ते पाहावं." त्यांनी ज्योतीला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. "असा फोटो दुसऱ्याच्या घरी कसा धाडू? त्या लेकराला फसवल्यावानी होईल."

ज्योतीचे कान तापले. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मावशी, चूक माझीबी हाय. फोटो दुसऱ्याच दिवशी बराबर आला होता. मी... दाबून ठेवला."

"मला ठाऊक होतं," दारातून धम्मानंद हळूच म्हणाला. "मी डोळे मिटलेच नव्हते."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"बोललो असतो तं... तिसऱ्या दिवशी येता आलं नसतं."

ज्योतीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने वर पाहिलं. तो आधीपासूनच पाहत होता.

कमलबाईंनी पदर सावरला आणि स्टुलावर ऐसपैस बसल्या. "शिरडवाल्यांना मी सांगते काय सांगायचं ते. तू तुझ्या मायला फोन लाव, पोरी. म्हणावं, पाहुणे येऊन बसलेत."