सगुणाचा सहवास

शिक्षा सुनावण्यापूर्वी गुन्हेगाराच्या रक्तातले शिसे मोजण्याचा कायदा येऊन सहा वर्षे झाली होती. दुसऱ्याच्या यातनेने माणसाच्या आत किती कालवाकालव होते, याचे शून्य ते शंभर असे माप आता मेंदूच्या चित्रणातून काढता येई; त्याला समवेदनांक म्हणत. ज्याचा अंक वीसच्या खाली आणि रक्तात धातू, त्याची शिक्षा न्यायाधीश एकटे ठरवीत नसत. मृताच्या नातलगापुढे दोन कागद ठेवले जात आणि त्यांतल्या एकावर सही घेतली जाई.

सगुणा वाघचौरे ते दोन्ही कागद घेऊन डॉ. फिरदोस मुजावर यांच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिचा निर्णय झालेला होता. जन्मभर एकांतकोठडी. कासारवहाळच्या भट्टीत जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वितळवले जाई. चोरी होऊ नये म्हणून ओतणीच्या वेळी शेडला बाहेरून कडी घालण्याची तिथली रीत होती. नऊ वर्षांपूर्वी आत धूर कोंडला आणि तिचा एकुलता एक मुलगा सोपान अकरा मिनिटे दार बडवीत राहिला. मालक मनोहर करंडे वर कचेरीत चहा पीत होता. त्याला आवाज ऐकू येत होता. मुकादमाला तो एवढेच म्हणाला, "ओतणी संपू दे."

"सही करायच्या आधी एक बघून घ्या, सगुणाताई," डॉक्टर म्हणाल्या.

काचेच्या पेटीत एका नळीत उंदीर अडकवलेला होता. नळीचे दार बाहेरून नाकाने ढकलले तरी उघडे. डॉक्टरांनी बाहेर दुसरा उंदीर सोडला. समोर गोड खाऊ असूनही तो नळीभोवती घिरट्या घालू लागला आणि दीड मिनिटात त्याने दार उघडून सोबत्याला बाहेर काढले. मगच दोघांनी मिळून खाऊ खाल्ला.

"शिकवलंय व्हय त्याला?"

"नाही. कोंडलेल्याची तडफड त्याला सोसवत नाही, म्हणून तो उघडतो. आता हा बघा. याला पाण्यातून शिसं दिलंय आणि लहानपणापासून एकटं ठेवलंय."

नळीत पुन्हा एक उंदीर कोंडला होता. हा उंदीर नळीवर चढला आणि आतल्याची धडपड चालू असताना वर बसून शांतपणे खाऊ संपवू लागला.

सगुणाचा चेहरा ताठरला. "ह्यो करंडे."

"तेच सांगते आहे. शिसं मेंदूत कॅल्शियमच्या रूपानं शिरतं. मेंदू त्याला घरचाच समजून आत घेतो, आणि मग दुसऱ्याचं दुःख पोचवणाऱ्या तारा एकेक करून गप्प होतात. त्यात एकटेपण आलं की संपलंच. करंड्यांचा अंक नऊ आहे. भट्टीतल्या कामगारांना रोज गुळाचा खडा वाटत, आठवतं?"

"शिसं बाधत न्हाई म्हणायचे. सोपान घरी आणायचा त्याचा वाटा."

"करंडेही तेच मानत. पिढीजात समजूत. त्यामुळे स्वतःही तोंडाला फडकं न बांधता, गूळ चघळत, तीस वर्षं त्याच धुळीत बसले."

"म्हंजे सुटला म्हणा की! मेंदूच बिघडला, मग कसला गुन्हा?"

"सुटत नाहीत. पण एकांतात टाकलं, तर आत काहीच हलणार नाही. आपल्यावर अन्याय झाला, असंच समजून ते मरतील. दुसरा कागद सहवासाचा आहे. धातू काढणारं औषध, आणि जोडीला रोज एकाच माणसाची सोबत. शिसं दिलेले उंदीर सोबतीत ठेवले, तर पुन्हा दार उघडायला लागतात."

"म्हंजे त्याला कळंल? त्यानं काय केलं ते?"

"कळेल. लागेलही."

सगुणाने पेन मागितले. "मग सोबतीला मी येते, बाई."

डॉक्टरांना ती क्षमा वाटली. वर्तमानपत्रांनीही तसेच छापले.

ती रोज दुपारी सुधारगृहात जाई, करंडेसमोर ताट ठेवी आणि सोपानची गोष्ट सांगे. पहिले काही महिने करंडे जांभया देई. एकदा तर मध्येच म्हणाला, "आमटीत मीठ कमी पडलंय, बाई." सगुणाने दुसऱ्या दिवशी मीठ बेताचे घातले. पीक येईपर्यंत राखण करावीच लागते, हे तिला ठाऊक होते.

अकराव्या महिन्यात त्याचा घास हातातच राहिला.

"तो... हाका मारीत होता?"

"आधी दादा म्हणून. मग मालक म्हणून. शेवटी आई म्हणून."

करंडे ताटावर कोसळून रडला. त्या दिवशी दहा वर्षांत प्रथमच सगुणाला पोटभर जेवण गेले.

मग हे रोजचेच झाले. तो हात जोडून म्हणे, "येऊ नका हो. झोप लागत नाही मला." पण सोबत तुटली की वर्षभरात मन पुन्हा बधिर होते, हे तिने डॉक्टरांकडून नीट विचारून घेतले होते. पावसापाण्यात, तापात, गावच्या जत्रेच्या दिवशीही तिचा खाडा पडला नाही.

दुसऱ्या वर्षी नियमाप्रमाणे सोबत देणाऱ्याचीही तपासणी झाली. डॉक्टर मुजावर यांनी दोघांचे कागद तिच्यापुढे ठेवले.

"त्यांचा अंक एकाहत्तर झाला."

"आन् माझा?"

"सहा. भट्टीशेजारचं पाणी, आणि दहा-अकरा वर्षं एकटं घर... मी आधीच तपासायला हवं होतं. एक विचारते. सोपान गेला तेव्हा रडलात?"

सगुणाने आठवून पाहिले. "न्हाई. डोळंच कोरडं. रागच आला निस्ता. अजून त्योच हाय."

"तुम्हालाही औषध देता येईल."

"घेतल्यावर काय व्हईल?"

"सोपानचं दुःख होईल, खरंखुरं. आणि करंड्यांचा त्रासही बघवणार नाही."

"मग नको," सगुणा म्हणाली आणि उठली. भेटीची वेळ झाली होती.

करंडे दाराशीच उभा होता. आज तो स्वतःविषयी काही बोलला नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "दमलात. बसा. जेवलात का तुम्ही?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारले नव्हते. तिला त्यातून काहीच पोचले नाही. तिने फक्त हेरले, की हा आता आपल्याला नाही म्हणू शकणार नाही. आपले एकटेपण याला सोसवत नाही.

"न्हाई जेवले," ती म्हणाली. "आज पहिल्यापासनं सांगते. त्यो जन्माला आला तितनं. ऐकशील?"

करंडेने डोळे मिटून मान हलवली आणि तिने सुरुवात करण्याआधीच तो रडू लागला. सगुणा पदर सावरून बसली आणि आपल्या मुलासाठी कुणी रडताना कसे दिसते, ते निरखून पाहू लागली.