सात नंबरचं नाक

"अय्या, सात नंबर!"

लिफ्टचं दार उघडलं आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं. आत उभ्या असलेल्या माणसाने — ओले केस, खांद्यावर टॉवेल — मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मला म्हणालात?"

"तुमचं नाक..." तिने जीभ चावली. "म्हणजे, मी ओळखते त्याला."

अनोळखी माणसाशी ओळख काढायची ही काही रीत नव्हे. पण तिचाही नाइलाज होता. ती पोहण्याच्या गॉगलची डिझायनर. कंपनीने काही जणांचे चेहरे स्कॅन करून ठेवले होते, नाव नाही, नुसते नंबर. त्यातला सातवा चेहरा आणि त्याचं डावीकडे किंचित कललेलं नाक गेले कित्येक महिने तिच्या कॉम्प्युटरवर मुक्कामाला होतं. आईने दाखवलेल्या स्थळांच्या फोटोंतसुद्धा ती हल्ली आधी नाक बघायची, आणि सरळ दिसलं की मुलगा नापास!

"लहानपणी डायव्हिंग बोर्डावर आपटलो होतो," तो हसला. तो पोहायला शिकवायचा आणि नव्या गॉगलची चाचणी घ्यायला आला होता. "इतकं वाईट दिसतं?"

"छे! उलट..."

लिफ्ट थांबली. बरं झालं.

पुढे त्याला गॉगलबद्दल इतक्या शंका येऊ लागल्या की ऑफिसात सगळे 'आले मास्तर' म्हणून आधीच गालात हसायचे. शंका तिलाच विचारायच्या असत, हे सांगायला नकोच.

गॉगलची रबरी कड म्हणजे सपाटीवर काढलेली एक वळणदार रेघ. ती कॉम्प्युटरमधल्या चेहऱ्यावर प्रोजेक्ट केली, म्हणजे सावलीसारखी पाडली, की गालाच्या, नाकाच्या उंचसखल भागाला बरोबर बिलगते. कुठे बिलगायचं, ते मात्र आधी आपण कोणत्या चेहऱ्याचे कोणते भाग निवडलेत त्यावर. गॉगल सगळ्यांना बसावा म्हणून कंपनीकडे एक सरासरी चेहरा होता, सरळ नाकाचा, कोणाचाच नसलेला. रेघ पाडायची ती त्याच्यावर.

शेवटचा नमुना करताना स्क्रीनवर दोन चेहरे एकावर एक उघडे होते. सरासरी कामासाठी, आणि सातवा... असाच. तिने भाग निवडले, रेघ झकास बसली, आणि बाई गुणगुणत घरी गेल्या.

चाचणीच्या दिवशी साहेबांसकट सगळे नवे गॉगल लावून तलावात उतरले. साहेबच आधी वर आले, डोळे चोळत. "पाणी शिरलं!" मागोमाग हिशेबनीस, मग सेल्सवाली, सगळ्यांची तीच रड. मास्तर तेवढे निवांत वर आले. "एक थेंब नाही! फर्स्टक्लास!"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "फाइल उघडा पाहू."

काठावरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. निवडलेले भाग निळे उजळले, आणि मधोमध, डावीकडे कललेलं, ते नाक! सगळ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग मास्तरांच्या नाकाकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. आपणच आता तलावात उडी घ्यावी, असं तिला वाटलं. साहेब रागावतील ते रागावोत... पण तो काय म्हणेल?

"चुकून झालं ना?" साहेबांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तो तिच्याकडेच बघत होता, गॉगल कपाळावर चढवून.

"निवडला गेला तो चुकून," ती म्हणाली. "पण उघडा होता तो... चुकून नव्हे. मला आवडतो तो चेहरा."

साहेबांनी टॉवेलात तोंड खुपसलं. रागाने की हसू दाबायला, कोण जाणे. "उद्या सरासरीवर नवा नमुना करा. आणि यापुढे कामाच्या वेळात सात नंबर बंद!"

सगळे कपडे बदलायला गेले. तो तसाच निथळत उभा राहिला.

"म्हणजे हा गॉगल जगात मला एकट्यालाच बसतो?"

"एकट्यालाच."

"मग परत देणार नाही." तो जरासा घुटमळला. "तुमचा चेहरा स्कॅन केलाय का हो कंपनीने?"

"डिझायनरचा कोण करतंय!"

"पंचाईतच झाली. म्हणजे मला रोज समोर येऊनच बघावा लागणार..."

तिचे कान तापले. कामाच्या वेळात सात नंबर बंद, असा साहेबांचा हुकूम होता. तिने लॅपटॉप मिटला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मी सहाला सुटते," ती म्हणाली.