कोब्यात सोडलेली वीतभर जागा

बसा रे, दार लोटून घ्या. ही कुठं वाचलेली गोष्ट नाही. आमच्या शेजारच्या कंपाउंडरची आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

त्याचं घर एका खोलीचं. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये दोन हात रुंद बोळ. तिथं ऊन कधी पोचायचंच नाही. बारा महिने ओल, शेवाळं, कुबट वास. खोलीत त्याची सहा वर्षांची मुलगी रात्रभर धापा टाकायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ओल घालवा, नाहीतर घर सोडा." घर सोडून जाणार कुठं? बिचाऱ्यानं मुरूम टाकला, चर खणला, छपराचं पाणी दुसरीकडं वळवलं. ओल काही हटेना.

शेवटी कोबा करायचं ठरलं. सिमेंट आलं. गवंडी म्हणाला, "आधी चुन्याची कोरडी भुकटी पसरा. जिथं पहिल्यांदा भिजेल, तिथं ओलीचं मूळ. सकाळी बघू."

सोळा जुलै, बुधवार. दोन दिवस पावसाची उघडीप होती. रात्री दोन वाजून दहा मिनिटं. मुलीचा दम वाढला. बायको तिला मांडीवर घेऊन बसली. सकाळपर्यंत थांबायचा धीर त्याच्यात उरला नव्हता. बॅटरी घेऊन तो बोळात गेला.

चुना सगळीकडं पांढराफटक. फक्त खिडकीखाली थाळीएवढा काळा डाग. तो पसरत होता. मग आकसत होता. पुन्हा पसरत होता...

दवाखान्यात श्वास मोजणं हे त्याचं रोजचं काम. सवयीनं घड्याळ बघितलं. मिनिटाला बेचाळीस. खिडकीतून मुलीची धाप ऐकू येत होती. तीही... बेचाळीस.

त्याचं डोकं फिरलं. हातानंच सिमेंट कालवलं आणि डागावर थापलं. जाड. गच्च.

आत धाप थांबली.

उतार पडला, असं त्याला क्षणभर वाटलं. मग बायकोचा आवाज आला. "अहो... ही..."



त्यानं दोन्ही हातांनी सिमेंट उपसलं. बोटं सोलून निघाली. "राहा तू इथंच. पण तिला सोड," एवढंच म्हणत होता. खालची माती उघडी पडली. डाग हलला... आत मुलगी खोकली.

पुढं त्यानं सगळ्या बोळात कोबा केला, तेवढी वीतभर जागा सोडून. भिंत वाळली, मुलगी सुधारली, लग्न होऊन दूरच्या गावी गेली. बाप अजून रोज सकाळी बोळात वाकून बघतो. ओल दिसली की मगच चहा घेतो. मी त्याला हसायचो.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला, तिला दिवस गेलेत. मी अभिनंदन करायला गेलो. तो मला बोळात घेऊन गेला. त्या जागेशेजारी, टणक कोब्यावर, आणखी एक ओला डाग उमटला होता. रुपयाएवढा. मी बोट पुढं केलं.

त्यानं माझं मनगट धरलं.

"झाकू नका," म्हणाला.