राखलेलं पांढरं

जलरंगात काम करणाऱ्या माणसाजवळ पाण्याची दोन भांडी असतात. एक ब्रश धुवायचं, दुसरं स्वच्छ पाण्याचं. दुसऱ्याच्या स्वच्छ पाण्यात रंगाचा ब्रश बुडवणाऱ्याला आमच्यात माफी नाही, आणि त्या रविवारी माझ्याशेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाने नेमकं तेच केलं. गडद निळ्याने भरलेला ब्रश, थेट माझ्या बरणीत.

“अहो!”

“अरे... ही माझी नाही का?”

“तुमची ती तिकडे. डाव्या हाताला. बादलीएवढी आहे.”

त्याने डोळे बारीक करून डावीकडे पाहिलं. “सॉरी हं. दिसलीच नाही.”

बादलीएवढं भांडं ज्याला दिसत नाही तो चित्र काढायला आला होता. मी पाणी ओतून दिलं आणि नळावर गेले. परत आले तेव्हा त्याने माझ्यासाठी चहा आणून ठेवला होता. चहात ब्रश बुडणार नाही याची काळजी मात्र मलाच घ्यावी लागली.

दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण बागेतल्या तळ्याकाठी चित्रं काढायला जमतो. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक हा गट चालवतात, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. मी एका संशोधन संस्थेत वनस्पतींची चित्रं काढते. पानाला चौदा शिरा असतील तर माझ्या चित्रात चौदाच असतात. पर्समध्ये कायम भिंग असतं, म्हणून सरांनी माझं नाव ठेवलंय ‘भिंग’. या नव्या माणसाने तासाभरात ओल्या कागदांवर रंग सोडून तीन चित्रं उरकली, त्यात कशालाच कड नव्हती. सरांनी लगेच त्याचंही बारसं केलं : ‘धुकं’.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“झाड.”

“कुठलं?”

“सकाळचं.”

मी हसू दाबलं. त्याने माझा कागद उचलून नाकाजवळ धरला. “वा! सगळं आहे हो यात. पासपोर्टच्या फोटोसारखं. नाक, कान, डोळे... फक्त झाड हसत नाही.”

“आणि तुमचं शिंकलंय. रुमाल द्या त्याला.”

पुढच्या रविवारी तो पुन्हा तिथेच बसला. माझ्या डाव्या अंगाला, जरासा मागे.

डाव्या अंगाला, हे मुद्दाम सांगतेय. माझ्या डाव्या डोळ्याखाली, गालावर, कोडाचा पांढरा डाग आहे. सतराव्या वर्षी आला. दुखत नाही, खुपत नाही, माझा दुसऱ्याला लागत नाही. त्रास असतो तो बघणाऱ्यांचा. नवा माणूस भेटला की त्याची नजर डागावर जाते, क्षणभर थांबते आणि चटका बसल्यासारखी पळते. मला मोजायची सवय, त्यामुळे हेही मी मोजते. एक, दोन... तीन म्हणेपर्यंत कुणी टिकलेलं नाही. नोकरीच्या दिवशी मी त्यावर कातडीच्या रंगाचं क्रीम थापून जाते. रविवारी मात्र नाही. उन्हात घाम येतो, हाताला रंग असतात, गालावर नुसता चिखल होतो. त्यापेक्षा मोठी पिवळी टोपी घालते आणि डावी बाजू कुंपणाकडे करून बसते.

धुकं नेमका कुंपणाच्या बाजूला बसायचा. आणि त्याची नजर पळायची नाही. बोलताना तो सरळ माझ्याकडे बघायचा, जणू माझ्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही वेगळं नाहीच. इतका सभ्य माणूस मी पाहिला नव्हता.

“कोपऱ्यात हा पिवळा ठिपका कशाला?” मी एकदा त्याच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं.

“तुम्ही आहात तो.”

“मला नाक नाही?”

“आहे असं समजा ना! सगळं मीच काढायचं, तर बघणाऱ्याने काय करायचं?”

असे बारा रविवार गेले. मी प्रेमात पडले. उगीच आढेवेढे घेत नाही. शुक्रवारपासूनच ब्रश धुऊन ठेवायला लागले, तेव्हा मावशीने विचारलं, “झाडं पळून जाणारेत का गं?” आईबाबा दुसऱ्या गावी असतात. मी मावशीकडे राहते, आणि तिच्यापासून काही लपत नाही.

मग एका बुधवारी मावशीच्या चष्म्याची काडी तुटली. ऑफिस सुटल्यावर मी तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरमागे धुकं उभा होता. नाकावर जाड काचांचा चष्मा, पांढरा शर्ट, गळ्यात मोजपट्टी. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं... सरळ, चांगलं निरखून.

“बसा ना मॅडम. नंबर कुणाचा तपासायचाय?”

मी हसले. तोही हसला, गिऱ्हाइकाला बघून हसतात तसं. मग त्याने मावशीला आतल्या खुर्चीवर बसवलं आणि अक्षरं वाचायला लावली. मी पंधरा मिनिटं तिथे खांबासारखी उभी होते. शेवटी राहवेना.

“ओळखलं नाहीत मला?”

आवाज ऐकून तो दचकला. चष्मा काढून, डोळे बारीक करून त्याने पाहिलं. “भिंगबाई? अहो, चष्मा लावला होता म्हणून ओळखलंच नाही!”

“अगं बाई,” मावशी खुर्चीतून म्हणाली, “मग याच्याकडून चष्मा कशाला घ्यायचा?”

“रविवारी तुम्ही चष्मा लावत नाही?” मी विचारलं.

“खिशात असतो. चित्र काढताना नको वाटतो. लावला की पानं दिसतात, झाड दिसत नाही. मायनस सहा नंबर आहे माझा.”

मायनस सहा. म्हणजे ते सौजन्य नव्हतंच, नंबर होता. बारा रविवार मी ज्याच्यावर जीव टाकला, त्याला मी दिसलेच नव्हते. घरी येताच मी ब्रशचा डबा कपाटात कोंबला.

“मुलगा बरा आहे,” मावशी म्हणाली.

“त्याला मी दिसत नाही, मावशी.”

“तुझ्या काकांना मी तीस वर्षांत कुठे दिसले?”

मला हसू आलं नाही. खरी भीती तिला सांगितलीच नाही. आता त्याला कळलं होतं की भिंगबाई म्हणजे कोण. आता कधीतरी तो चष्मा लावूनच बागेत येणार, त्याची नजर गालावर जाणार आणि दोन म्हणायच्या आत पळणार. दुसऱ्या कुणाची पळाली तर मी सोसलं असतं.

दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी बागेच्या वाचनालयात गटाचं प्रदर्शन होतं. सरांचा फोन आला, “चित्रं घेऊन ये, नाहीतर मीच येतो उचलायला.” चित्रं टांगून लगेच निघायचं, या हिशोबाने मी तासभर आधीच पोचले.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. एका भिंतीवर धुक्याची चित्रं आधीच लागली होती. एका रविवारचं एक, अशी बारा. मला एकदम जाणवलं, की इतके दिवस नावं ठेवली, पण ही चित्रं मी नीट पाहिलीच नव्हती. मी पर्समधून भिंग काढलं.

प्रत्येक चित्रात कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. त्याखाली तपकिरी रंगाचा एक फटकारा, म्हणजे माझा चेहरा. आणि त्या तपकिरीत तिळाएवढा कोरा कागद. पहिल्या चित्रात मला वाटलं, ब्रश चुकला असेल. दुसऱ्यातही होता. तिसऱ्यातही. बाकी माणसांच्या चेहऱ्यांवर कुठेच नाही.

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच कोरा ठेवतात. एकदा रंग चढला की ते पांढरं परत येत नाही, म्हणून आधी ठरवून राखावं लागतं. चुकून राहिलेल्या कागदाची कड खडबडीत असते. इथे ती स्वच्छ होती. झाडं, तळं, बाकं, सगळं पाण्याबरोबर वाहू देणाऱ्या या माणसाने बारा वेळा हात आवरून तेवढाच एक तीळ राखला होता.

“रुमाल आणलात का झाडांसाठी?”

तो मागे उभा होता. चष्मा खिशात.

“हे पांढरं काय आहे?” मी भिंग त्या तिळावर धरलं.

“पहिल्या रविवारी वाटलं, ऊन पडलंय,” तो म्हणाला. “दुसऱ्या रविवारी आभाळ भरलेलं होतं, तरी ते तिथेच. तिसऱ्या रविवारी टोपीच्या सावलीतसुद्धा तिथेच. तेव्हा कळलं, हे उन्हाचं नाही... तुमचं आहे.”

“कधी विचारलं नाहीत.”

“टोपी पिवळी का, हे तरी कुठे विचारलं?”

“मग दुकानात?” मी उसळलेच. “चष्मा लावून समोरून बघितलंत, तरी ओळखलं नाहीत!”

“कसं ओळखणार? ते नव्हतंच तिथे! बारा रविवार ज्याच्यावरून तुम्हाला शोधलं, त्यावरच तुम्ही रंग लावून आला होतात.”

गेल्या कित्येक वर्षांत ते क्रीम न लावल्याबद्दल बोलणी खाल्ली होती. लावल्याबद्दल तक्रार करणारा हा पहिलाच.

तो चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिला. “तुम्ही आला नाहीत, तर दोन रविवार एकही चित्र झालं नाही. झाडं होती सगळी. झाडं तर माझ्या घरासमोरही आहेत... तुम्ही मला आवडता. हे बिनचष्म्याचं झालं. चष्म्यातूनही बघायचंय... तुम्ही बघू द्याल तर.”

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? धुक्यात राहणं सोयीचं होतं. पण त्याच्या बारा चित्रांसमोर उभं राहून लपायचं तरी कशाला? मी टोपी काढली आणि डावा गाल उजेडाकडे केला.

“लाव,” मी म्हणाले. अहो-जाहो तिथेच संपलं.

त्याने चष्मा लावला. नजर माझ्या गालावर आली, आणि मी सवयीने मोजायला लागले. एक. दोन. तीन... चार...

“खालची कड मी चुकवलीय,” तो हळूच म्हणाला. “गोल नाहीये ती. पानासारखी आहे.”

“कुठल्या पानासारखी?”

“सकाळच्या.”

सातपर्यंत मोजल्याचं मला आठवतं. पुढचं मोजायचं राहून गेलं.