आधी दोन तुकडे

"रायफल माझीच आहे, ओडीलियाबाई. पण तिच्यावरची मूठ माझी नाही," लुसिंडो आव्हिला म्हणाला आणि खुर्चीत बसायचं विसरून तसाच उभा राहिला.

ओडीलिया बेतेनकूरचं ऑफिस गस्टीन गावात, गुरांच्या खाद्याच्या दुकानामागे होतं. पंचवीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून झाल्यावर तिने स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. समोरच्या बाकावर सेराफिम टोस्टी बसला होता, गोड पाव खात. हा तिच्या लेकीचा धर्मपिता. तीस वर्षं दुधाचे टँकर चालवून निवृत्त झाला आणि आता स्वतःला ओडीलियाचा भागीदार म्हणवायचा. ती खोडून काढत नसे, कारण गाडी त्याची होती.

"बस आधी," ती म्हणाली. "आणि सुरुवातीपासून सांग."

"काल, बुधवारी सकाळी, शेरीफचे पोलीस वॉरंट घेऊन आले. कुणीतरी निनावी कळवलं होतं की माझ्याकडे बेकायदा रायफल आहे. मी हसतच कपाट उघडलं. बघतो तर रायफलला पिस्तुलासारखी मूठ. काल जामिनावर सुटलो."

"मुठीनं असं काय आभाळ कोसळतं?" सेराफिमने तोंडात पाव असतानाच विचारलं.

"आपल्या राज्यात कोसळतं, काका. ज्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं गोळ्यांचं मॅगझिन बोटानं निघतं, तिला तसली मूठ चालत नाही. म्हणून आम्ही माशाच्या परासारखी चपटी मूठ लावतो. अंगठा पलीकडे वळताच कामा नये. दिसायला भिकार, पण कायदेशीर. परीक्षा दिली, प्रमाणपत्र घेतलं, दुकानात पैसे भरून दहा दिवस वाट पाहिली. मी आणि माझी बायको लिओनोर कॅलेंडरवर फुल्या मारायचो. एवढं सगळं सरळ करून आता गंभीर गुन्हा माझ्या डोक्यावर."

"आज गुरुवार. इतकी घाई का?"

लुसिंडोचा आवाज खाली आला. "उद्या अकरा वाजता मर्सेडच्या कोर्टात मरीसाच्या दत्तकाची सुनावणी आहे. माझ्या बहिणीची मुलगी. नऊ वर्षांची. बहीण जाऊन चौदा महिने झाले, तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. हा गुन्हा असाच राहिला तर ती फ्रेस्नोच्या आजीकडे जाईल. त्या आजीनं तिला आजवर दोनदा पाहिलंय."

ओडीलियाने वही उघडली. "कपाटाची किल्ली कुणाकडे?"

"किल्ली नाही, आकडा जुळवून उघडायचं कुलूप आहे. लिओनोरला ठाऊक आहे. आमच्या नेमबाजी क्लबच्या व्हर्जिल मातोसलाही, कारण कुलूप त्यानंच आणून बसवलं. आणि शेजारच्या ट्रेंट हॅकेटसमोर मी ते शंभरदा उघडलंय."

"घरात लेकरू, आणि आकडा अर्ध्या गावाला पाठ. शाबास."

लुसिंडोने खिशातून एक फोटो काढला.

"रविवारी क्लबची स्पर्धा होती, त्यात मी जिंकलो," तो म्हणाला. "रायफल घरी आणून ठेवली, त्यानंतर हात लावलेला नाही. हे बघा."

फोटोत त्याने मरीसाला खांद्यावर घेतलं होतं आणि मरीसाने त्याचं जिंकलेलं पदक उंच धरलं होतं. शेजारी टेबलावर रायफल, चपट्या मुठीसकट. कडेला एका बाईचा अर्धा खांदा दिसत होता.

"रायफलवर हे लाल काय आहे?"

"ठिपका. रायफल साफ करून मिटली की तिचे दोन्ही भाग जोडणाऱ्या खिट्ट्यांवर नेलपॉलिश लावायचं. खिट्टी हलली की ठिपका तडकतो. व्हर्जिल पांढरा रंग वापरतो, आमच्याकडे मरीसाची लाल बाटली. हे शुक्रवारी लावलं होतं."

तो गेल्यावर ओडीलियाने त्याच्या वकिलाकडून पोलिसांचे फोटो मागवले आणि भिंग घेऊन बसली. रायफल बंद होती, नवी काळी मूठ घट्ट बसली होती, खिट्ट्यांवर ठिपके अख्खे होते.

"सेराफिम, ठिपक्याचा रंग कोणता?"

"गुलाबी. फ्लॅशनं उडाला असेल."

"असेल," ती म्हणाली आणि टोपी उचलली.

व्हर्जिल मातोस गोळीबाराच्या मैदानावर रिकामी काडतुसं गोळा करत होता. वय एकाहत्तर. अकरा वर्षं क्लबचा फिरता चषक त्याच्या कपाटात होता. यंदा दोन गुणांनी गेला.

"मला विचारायला आलात ना की मी जळतो का? जळतो. रविवारपासून जेवण गोड लागत नाही. ज्याला बंदूक धरायला मी शिकवली, त्यानं मला म्हातारा ठरवला. वर टाळ्या वाजवायलाही मीच सगळ्यांत पुढे."

"लुसिंडोच्या घरी कधी गेला होतास?"

"सोमवारी. चषक द्यायला. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवला असता तर लोक म्हणाले असते, व्हर्जिलला देववेना. तीनच्या आधी परत आलो. चार वाजता माझा दातांचा डॉक्टर होता, विचारा त्याला. नंतर तोंड सुजलं म्हणून बुधवारपर्यंत घराबाहेर पडलो नाही."

"एक सांग. मूठ बदलायची तर काय करायचं?"

"आधी दोन तुकडे, मग पाना," व्हर्जिल श्वासही न घेता म्हणाला. "वर्गात हेच घोकून घेतो मी. खिट्ट्या ढकला, रायफलचे दोन भाग वेगळे करा, मगच हत्यार लावा. तुकडे असले की ती रायफलच नसते. म्हणजे काम चालू असताना एक क्षणही कायद्याबाहेर नको. माझ्या वर्गातून गेलेला माणूस झोपेत उठवला तरी असंच करेल."

"आणि ट्रेंट हॅकेट?"

"तो नेवाडाचा. वर्गाला बसला आणि मागच्या बाकावर दात काढत होता."

ट्रेंट हॅकेट आठ महिन्यांपूर्वी कामासाठी नेवाडातून इकडे आला होता. त्याची स्वतःची रायफल इथल्या कायद्यात बसत नव्हती, म्हणून फॅलनला भावाकडे राहिली होती. तो अंगणात लुसिंडोच्याच कुत्र्यांना खायला घालत होता.

"ती मूठ माझी आहे, मॅडम," त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "माझ्या सुट्या भागांचा डबा लुसिंडोच्या गॅरेजात पडलाय. नुसती मूठ बाळगणं गुन्हा नाही. पोलिसांनाही मी हेच सांगितलं."

सेराफिमने ओडीलियाला कोपर मारलं.

"मंगळवारी तू त्यांच्या घरात होतास?"

"ते मर्सेडला गेले होते, दत्तकाचं काम बघणाऱ्या बाईंना भेटायला. मी कुत्र्यांसाठी गेलो. त्याला रायफल, त्याला चषक, त्याला घरी गरम जेवण. आणि मला त्याची कुत्री. हेवा वाटतो का म्हणाल तर हो, वाटतो. पण पोरीचं घर मोडण्याइतका नाही."

"मूठ बदलायला किती वेळ लागतो?"

"खालून एक स्क्रू. अर्धा मिनिट."

"रायफलचे दोन तुकडे न करता?"

"ते कशाला?" ट्रेंट हसला. "बुटाची नाडी बांधायला कुणी पँट काढतं का?"

"आणि ठिपका?"

"कसला ठिपका?"

गाडीत बसल्या बसल्या सेराफिमने निकाल दिला. "हाच. मूठ याची, घरात हा एकटा, आकडा याला ठाऊक. चल शेरीफकडे."

"आधी कॉफी," ओडीलिया म्हणाली. "लिओनोरच्या हातची."

लिओनोर आव्हिला कॉफी उत्तम करायची आणि कप ठेवताना आवाज होऊ द्यायची नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोटोंची रांग होती. डावीकडे ती आणि लुसिंडो मैदानावर, एकसारख्या टोप्या घालून. मधे कॅलेंडरचं एक फ्रेम केलेलं पान, दहा फुल्यांचं. पुढे उजवीकडे सगळी मरीसा. मरीसा पोहताना, मरीसा दात पडलेली, मरीसा झोपलेली.

"प्रमाणपत्राची परीक्षा आम्ही एकत्र दिली," लिओनोर म्हणाली. "मला त्याच्यापेक्षा दोन गुण जास्त. शनिवार आमचा असायचा. रायफल या टेबलावर खोलायची, तो पाना चालवायचा, मी खिट्ट्या आणि ठिपके. आता शनिवारी पोहण्याचा वर्ग असतो." ती हसली. "मोठ्या माणसानं लहानांचं मन राखायचं असतं ना."

मरीसा धावत आली आणि बिस्किटासाठी हात पुढे केला. नखं गुलाबी होती.

"छान रंग आहे गं," ओडीलिया म्हणाली.

"मामीनं सोमवारी रात्री जेवण झाल्यावर दुकानातून आणला. लाल बाटली शनिवारी माझ्या हातून फुटली. मामा ओरडला नाही." एवढं सांगून ती पळाली.

लिओनोरने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

संध्याकाळी सहा वाजता त्याच टेबलाभोवती पाच जण बसले: लुसिंडो, लिओनोर, व्हर्जिल, ट्रेंट आणि दाराजवळ सेराफिम. मरीसाला मैत्रिणीकडे पाठवलं होतं. ओडीलिया उभीच राहिली.

"मला लांबण लावता येत नाही," ती म्हणाली. "सेराफिमच्या मते हे काम ट्रेंटचं. कुणालाही तसंच वाटावं. नेवाडाचा माणूस, त्याच्या डब्यातली मूठ. पण ट्रेंटनं मूठ बदलली असती तर खालचा एक स्क्रू फिरवून निघून गेला असता. खिट्ट्यांना त्यानं बोटही लावलं नसतं."

"आणि लावलं नाहीच," व्हर्जिल म्हणाला. "ठिपके अख्खे आहेत ना?"

"अख्खे आहेत, पण ते ठिपके वेगळे आहेत." तिने दोन फोटो शेजारी ठेवले. "रविवारी मैदानावर लाल. बुधवारी पोलिसांच्या फोटोत गुलाबी. मी वकिलाकरवी खात्री करून घेतली, फ्लॅशचा दोष नाही. म्हणजे मधल्या काळात खिट्ट्या ढकलल्या, लाल ठिपके तडकले, आणि रायफल मिटल्यावर कुणीतरी नवे ठिपके दिले."

"पण बेकायदाच करायची होती, तर आधी खोलायची कशाला?" सेराफिमने विचारलं. दिवसभरातला त्याचा हा पहिला बरा प्रश्न होता.

"बरोबर. गरजच नव्हती. पण ज्याच्या हातांना वळण लागलंय, त्याचे हात ऐकत नाहीत. आधी दोन तुकडे, मग पाना, मग मिटायची, मग ठिपका. कायदा मोडायला बसलेल्या माणसानं तो मोडेपर्यंत पाळला. चोरी करायला जाताना चपला दाराबाहेर काढून ठेवाव्यात, तसं. ही चूक नेवाडाच्या माणसाकडून होणार नाही. आपल्याकडूनच होईल."

सगळ्यांनी व्हर्जिलकडे पाहिलं. तो खुर्चीत ताठ झाला.

"व्हर्जिलच्या हातांना वळण पक्कं आहे," ओडीलिया पुढे म्हणाली. "पण तो सोमवारी तीनच्या आधी परतला. डॉक्टरकडे मी फोन केला, चारला तो तिथे होता. आणि गुलाबी बाटली या घरात आली सोमवारी रात्री. त्यानंतर तो इथे फिरकलेलाच नाही."

"मग मी?" लुसिंडोने विचारलं.

"तुला ठिपके गुलाबी झाल्याचं ठाऊकच नव्हतं. सकाळी तूच मला लाल म्हणालास. स्वतःवर पोलीस घालणारा माणूस तू नाहीस. उरलं कोण, ते मी बोलायला हवं का, लिओनोर?"

लिओनोर हातातल्या फडक्याची घडी घालत होती. ती घडी पूर्ण करून तिने फडकं टेबलाच्या कडेला ठेवलं.

"मंगळवारी पहाटे," ती म्हणाली. "तो गोठ्यात होता. मला आठवतसुद्धा नाही मी खिट्ट्या ढकलल्याचं. मग पोलिसांना निनावी मीच कळवलं."

"लिओनोर," लुसिंडो म्हणाला.

"तू तुरुंगात जावास असं मला नको होतं. पहिलाच गुन्हा, वकील मिटवतात, मी वाचलं होतं. फक्त उद्याची सुनावणी मोडायला हवी होती." तिचा आवाज अजून स्वयंपाकघरातलाच होता. "मी तिचा दुस्वास केला. नऊ वर्षांच्या, आई गेलेल्या पोरीचा. लाज वाटते सांगायला, पण केला. तू घरी आलास की आधी तिला हाक मारतोस. रात्री तिच्या उशाशी बसल्या बसल्या झोपून जातोस. रविवारी तू जिंकलास आणि मी तुझ्याकडे धावत आले, तोवर तू तिला खांद्यावर घेतलं होतंस. फोटोत माझा अर्धा खांदा आहे, लुसिंडो. तू तो फोटो भिंतीवर लावायला काढलास आणि तुला ते दिसलंही नाही."

ट्रेंट खाली बघत होता. व्हर्जिलने डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांचा चषक गेलेल्या माणसाला यातलं बरंच कळत असावं.

लुसिंडो ओडीलियाकडे वळला. "मूठ मीच बसवली असं मी कबूल केलं, तर?"

"तर लिओनोर सुटेल. मरीसा फ्रेस्नोला जाईल."

"आणि तिनं कबूल केलं तर?"

"तर तुझ्यावरचा आरोप जाईल. दत्तकाच्या अर्जातून तिचं नाव निघेल. तुझं एकट्याचं राहील आणि वकील म्हणतो, न्यायाधीश ऐकतील. तिच्यावर मात्र खटला चालेल. तिसरी वाट नाही. मी शोधली."

लिओनोर आता सरळ नवऱ्याकडे बघत होती. चौदा महिने जे तिने विचारलं नव्हतं, ते असं भर टेबलावर येऊन पडलं होतं: ही की ती.

लुसिंडोने मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

"नको," लिओनोर म्हणाली. "सांगू नकोस मला."

ती उठली, भिंतीवरचा फोन काढला आणि शेरीफच्या ऑफिसचा नंबर लावला. "माझं नाव लिओनोर आव्हिला," ती शांतपणे म्हणाली. "काल तुम्ही आमच्या घरून जी रायफल नेलीत, तिच्याबद्दल मला सांगायचं आहे." बोलताना ती एकदाच वळून लुसिंडोकडे बघत थांबली.

तो खुर्चीतून उठला नाही. त्याने तिला थांबवलं नाही. ती परत फोनकडे वळली आणि आपलं नाव त्यांना नीट लिहून घ्यायला सांगू लागली.